सापडलं त्याचं नाव

विषाणूला नाव द्यायची एक रीत आहे. आधी तो ज्या पक्ष्यात सापडला त्या पक्ष्याचं नाव, मग जागेचं, मग नमुन्याचा क्रमांक, मग साल. चार खण आणि मध्ये तिरक्या रेघा. जगभर याच रीतीने नावं पडतात आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. आता तुम्हीच सांगा, रस्त्याने जाणाऱ्या माणसाच्या अंगावर गाडीने चिखल उडवला, तर त्या चिखलाला आपण त्या माणसाचं नाव देतो का? इथे देतात. आणि वर त्याला शास्त्र म्हणतात.

हे सगळं ज्या बाईच्या बाबतीत घडलं तिला घरात धाकटी म्हणत, कारण ती धाकटी सून. प्रयोगशाळेत ती मॅडम. रानपक्ष्यांमधले विषाणू शोधायचे, त्यांची जनुकं अक्षर अक्षर वाचायची आणि हा कुठल्या घराण्यातला, याचे भाऊबंद कोण, याची कुळी काढायची, हे तिचं काम. नवरा चारचौघांत तिची फिरकी घ्यायचा, की आमच्याकडे सोयरीक जुळवायची असेल तर हिला पाठवा, समोरच्याच्या सात पिढ्या बाहेर काढेल. तीही हसायची. पुढे स्वतःच्याच घराची कुळी काढायची वेळ येईल हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणजे तिचे भाऊजी, यांची तळ्याकाठी पोल्ट्री होती. पत्र्याची लांबच लांब शेड, पुढे फाटक, फाटकावर घरचं आडनाव एवढ्या मोठ्या अक्षरांत, की पलीकडच्या काठावरून चष्म्याशिवाय वाचावं. शेडच्या मागून सांडपाण्याचा चर निघायचा तो थेट तळ्यात. तळ्याच्या काठाने नगरपालिकेची जुनी झाडं होती आणि त्यांवर बगळ्यांची वसाहत. त्यातलंच एक मोठं झाड भाऊजींच्या कुंपणाच्या आत आलेलं, चरावर वाकलेलं. विणीच्या दिवसांत सगळी झाडं पांढरी व्हायची आणि असा कलकलाट चालायचा की शेडमधल्या कोंबड्या गप्प वाटायच्या.

त्या वर्षी भाऊजींच्या कोंबड्या मरायला लागल्या. सकाळी शेड उघडावी तर पिंजऱ्यापिंजऱ्यात माना टाकलेल्या. एका रविवारी सगळे एकत्र जेवायला बसले असताना भाऊजींनी निकाल देऊन टाकला.

"बगळ्यांनी आणलंय. वरून ते शिटतात, खाली माझ्या कोंबड्या मरतात. याला काय मोठं डोकं लागतं?"

जाऊबाई वाढत होत्या. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि भाऊजींकडे बघून मिटलं. धाकटीला ते दिसलं, पण तिने तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही.

"तुझं खातंच आहे ना ते," भाऊजी तिला म्हणाले. "काढ त्या बगळ्यांतून काय ते. एकदाची ती झाडं पाडायला लावतो नगरपालिकेला."

"तपासते भाऊजी. पण काय निघेल ते मी आज सांगणार नाही."

"निघेल. न निघून जातंय कुठे."

आणि निघालं, हेच तर दुर्दैव.

नमुने घ्यायला ती स्वतः शिडीवर चढली. बगळ्याची पिल्लं दिसायला गरीब, पण हात लावायला जा, पोटातला अर्धा पचलेला मासा तुमच्या अंगावर ओकून मोकळी होतात. खांद्यावर, केसांत, चष्म्यावर, सगळीकडे मासा. खाली शिडी धरून प्रयोगशाळेचे जुने मदतनीस उभे. उबवणीयंत्राचं सगळं तेच बघायचे म्हणून सगळे त्यांना उबवणीकाका म्हणत.

"मॅडम, आज डबा नाही उघडला तरी चालेल," काका खालून म्हणाले.

एकेका पिल्लाच्या मागून कापूस लावलेली काडी फिरवायची, ती नळीत टाकायची, नळीवर झाडाची खूण करायची. काठावरच्या सगळ्या झाडांचे नमुने झाले. शेवटी कुंपणातल्या त्या वाकलेल्या झाडाचेही झाले. जाऊबाई शेडच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी तोंड धुवायला पाणी आणून दिलं आणि म्हणाल्या, "पिल्लं गोड असतात गं, वास सोडला तर."

प्रयोगशाळेत हे नमुने कोंबडीच्या अंड्यात टोचतात. आत वाढणारं पिल्लू असलेलं अंडं, त्याला बारीक भोक, त्यातून नमुन्याचा थेंब, वर मेणाचं बूच. विषाणू असेल तर अंड्यात वाढतो. बाकी झाडांचे नमुने टोचलेल्या अंड्यांत काही म्हणजे काही वाढलं नाही. कुंपणातल्या झाडाचे नमुने टोचलेल्या अंड्यांत मात्र भरभरून वाढलं.

"बगळ्याचा म्हणता, आणि कोंबडीच्या अंड्यात असा रुजलाय, जणू माहेरी आलाय," काका म्हणाले. दोघंही हसली. थट्टाच होती ती.

प्राथमिक चाचणीत विषाणूचं कूळ कळलं. कोंबड्यांना मानमोडीसारखा जीवघेणा आजार देणारे विषाणू ज्या कुळात असतात तेच कूळ. पण कुळात सगळेच काही खुनी नसतात, मवाळही असतात, आणि कोण कसा हे अक्षरं वाचल्याशिवाय कळत नाही. अक्षरं वाचायला यंत्राला वेळ लागतो. तोवर नोंद करायची म्हणून धाकटीने रीतीप्रमाणे नाव भरलं. पहिल्या खणात बगळा. दुसऱ्या खणात तळ्याचं नाव. मग क्रमांक, मग साल. असं तिने आजवर शेकडो वेळा केलं होतं, आणि माणूस स्वतःच्या दाराला कडी लावताना जितका विचार करतो तितकाच विचार करून केलं होतं.

घोळ झाला तो साहेबांमुळे. साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे संचालक. माणूस वाईट नाही असं म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणू या. पण वर्तमानपत्रात आपला फोटो यावा ही त्यांची भूक कधीच भागायची नाही. यंत्र अजून अक्षरं वाचत होतं आणि साहेबांनी नुसत्या त्या नावाच्या जोरावर नगरपालिकेला कळवलं, वार्ताहरांना बोलावलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर साहेबांचा फोटो, हातात रिकामी नळी, आणि वर मथळा, 'बगळ्यांमध्ये कोंबड्यांचा काळ'. नगरपालिकेने लगेच ठराव मांडला. तळ्याकाठची झाडं तोडायची, पुढच्या सभेत मंजुरी. झाडांवर पिल्लं होती, अजून पंख फुटत होते. त्यांचा उल्लेख ठरावात कुठे असायचं काही कारणच नव्हतं.

भाऊजींनी ते वर्तमानपत्र शेडच्या दारावर चिकटवलं.

त्यानंतर यंत्राचं वाचून झालं. पंधरा हजार अक्षरं. धाकटीने ती जगभरच्या नोंदींशी ताडून पाहायला दिली आणि चहा घेऊन आली. पडद्यावर सगळ्यांत वर, सगळ्यांत जवळचा नातेवाईक म्हणून जे नाव आलं ते कुठल्या रानपक्ष्यातलं नव्हतं. ती कोंबड्यांना देतात ती लस होती. जिवंत लस, म्हणजे मवाळ केलेला विषाणूच. पंधरा हजारांत हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच अक्षरं वेगळी होती.

या धंद्यातल्या माणसाला अशा वेळी आनंद होत नाही, घाम फुटतो. आपल्याच फ्रीजरमधली लस नमुन्यात सांडली असणार, हाच पहिला संशय. तिने नमुन्यांचा राखून ठेवलेला भाग काढला आणि शेजारच्या इमारतीत, जिथे लसीची बाटली कधी गेलीच नव्हती, तिथे नवे हातमोजे, नवी रसायनं घेऊन सगळं पहिल्यापासून केलं. काका म्हणाले, "मॅडम, स्वतःवर एवढा अविश्वास बरा नव्हे." पण तिने केलं. पुन्हा तेच आलं, अक्षर न अक्षर.

विषाणूच्या जनुकात एक छोटीशी जागा असते, ती वाचली की हा मारणारा की मवाळ ते कळतं. ती जागाही तिने पाहिली. मवाळ, अगदी लसीतल्यासारखी. म्हणजे हा विषाणू बगळ्यांनी आणलेला नव्हता, बगळ्यांना मिळालेला होता. आणि कोंबड्या त्याने मेल्याच नव्हत्या. बिचाऱ्या बगळ्यांच्या माथी दोन गुन्हे मारले होते आणि दोन्हीच्या वेळी ते जागेवर नव्हते.

ती उठली आणि तडक शेडवर गेली.

जाऊबाई मागच्या बाजूला बादल्या घेऊन बसल्या होत्या. लस द्यायचा दिवस होता. लस पाण्यात कालवायची, पाण्यात चिमूटभर दुधाची पावडर टाकायची म्हणजे लस टिकते, आणि ते पाणी कोंबड्यांना प्यायला ठेवायचं. पाणी ठेवून झालं. बादलीत तळाशी उरलं होतं. जाऊबाईंनी बादली उचलली आणि मागच्या चरात रिकामी केली. दुधट पाणी वाहत वाकलेल्या झाडाखाली गेलं. तिथे चिखलात दोन बगळे किडे टिपत उभे होते. ते जरा बाजूला सरकले, पुन्हा चोची मारायला लागले, आणि मग त्यातला एक पिल्लांना भरवायला वर घरट्याकडे उडाला.

"ताई, उरलेली लस नेहमी इथेच ओतता?"

"मग कुठे ओतू? सगळं धुतलेलं पाणी इथेच जातं."

"बाटलीवर लिहिलेलं असतं. उकळून नाहीतर जंतुनाशक घालून टाकायची."

जाऊबाईंनी रिकाम्या बादलीत पाहिलं. "मला बाटली हे देतात ती उघडून देतात. सांगतात, पाण्यात घाल. मी घालते." मग हळू आवाजात म्हणाल्या, "काही चुकलं का गं माझं?"

"तुमचं नाही चुकलं."

मग धाकटीने विचारलं की कोंबड्या मरायला लागल्या तेव्हा नवीन काय झालं होतं. जाऊबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि तिला खाद्याच्या खोलीत नेलं. पत्र्यातून पाणी झिरपून पोती भिजली होती. एका पोत्यात धाकटीने हात घातला, गोळे हाताला लागले, आणि असा कुबट वास आला की तिने नाकाला पदर लावला.

"मी यांना म्हटलं होतं वास येतोय," जाऊबाई म्हणाल्या. "तर म्हणाले, कोंबड्यांना कुठे नाक असतं. मिसळ चांगल्यात."

धाकटीने मूठभर खाद्य पिशवीत घेतलं. तपासणीत बुरशीचं विष निघालं. कोंबडीचं यकृत कुजवून टाकील एवढं. झालं की हो सगळं लख्ख. कोंबड्या मेल्या भाऊजींच्या कुबट खाद्याने, विषाणू गेला भाऊजींच्या चरातून, आणि खापर फुटलं बगळ्यांच्या डोक्यावर.

तिने भाऊजींना एकट्याला गाठून सगळं सांगितलं, शांतपणे, मोठ्यांशी बोलावं तसं. भाऊजींनी ऐकून घेतलं. नंतर मिशीवरून बोट फिरवत म्हणाले, "बगळ्यात विषाणू सापडला की नाही?"

"सापडला, पण..."

"बस. पण-बिण तुझ्या प्रयोगशाळेत."

"भाऊजी, तो तुमच्या लसीचा आहे."

"हे बघ, तू घरची आहेस म्हणून ऐकून घेतोय. खाद्य खराब होतं हे बाहेर कळलं तर माझ्याकडून अंडं कोण घेईल? बगळ्याला काय फरक पडतो? त्याला कुठे गिऱ्हाईक सांभाळायचंय?"

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्याला सांगितलं तर तो टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाला, "दादाचं चुकलंय, कबूल. पण घरातली गोष्ट आहे. झाडं काय, पुन्हा लावता येतात."

"त्या झाडांवर पिल्लं आहेत."

"तू पण ना, पक्ष्यांच्या पायी घरात आग लावायला निघालीस."

आग लावली कुणी आणि बोट कुणाकडे. हे तिच्या ओठांवर आलं होतं, तिने गिळलं. आपल्याकडे हे नेहमीचंच. ज्याने घाण केली त्याच्याशी गोडीने बोलायचं आणि घाण दाखवणाऱ्याला विचारायचं, तुला एवढं काय पडलंय.

राहिले साहेब. साहेब सगळं वाचून बुचकळ्यात पडले नाहीत, हा त्यांचा विशेष. त्यांनी अहवाल टेबलावर सरळ करून ठेवला आणि म्हणाले, "अभ्यास उत्तम आहे. शोधनिबंधात सविस्तर घ्या. पण नगरपालिकेला जे कळवलं ते मागे घेता येणार नाही. आपण खोटं कुठे बोललो? नाव नियमाप्रमाणेच आहे."

"साहेब, ते फक्त नावच वाचतात. नावात बगळा आहे म्हणून झाडं पाडतायत."

"मग त्याला मी काय करू? रीत आहे. ज्यात सापडलं त्याचं नाव."

"नावात लस आली पाहिजे. नाहीतर शेड तरी."

"तुम्ही-आम्ही रीत बदलणारे कोण?" साहेब खुर्चीत मागे रेलले. "अंतिम नोंद तुमच्याच हातची आहे. काटेकोर नियमाप्रमाणे नाव भरा, माझी सही घ्या आणि विषय संपवा."

ती दारापर्यंत गेली आणि थांबली. पाठमोरीच म्हणाली, "काटेकोर नियमाप्रमाणे ना?"

"अर्थात."

"बरं साहेब."

जागेवर येऊन तिने नियम उघडला. इतकी वर्षं पाठ असलेला नियम तिने त्या दिवशी पहिल्यांदा शब्द शब्द वाचला. पहिला खण, पक्षी. त्यात काही करता येण्यासारखं नव्हतं. दुसरा खण, जागा. नमुना जिथे घेतला ती नेमकी जागा. तळं नव्हे, गाव नव्हे, जिथे घेतला तिथली. आणि विषाणू निघालेले सगळेच्या सगळे नमुने एकाच झाडाचे होते, जे झाड कुंपणाच्या आत होतं, फाटकावर पाटी असलेल्या आवारात.

तिने तळ्याचं नाव खोडलं आणि पाटीवरचं नाव घातलं. पाटीवर आडनाव होतं. तेच आडनाव तिच्या दारावर होतं, तिच्या सहीत होतं, तिच्या मुलीच्या शाळेच्या दप्तरावर होतं. आडनावाचं अक्षर न अक्षर तिने पुन्हा वाचून पाहिलं. काकांनी पाठीमागून पडदा पाहिला आणि ते चहा ठेवून गेले. नोंदीखाली तिने सही केली आणि शेजारी साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली.

नगरपालिकेच्या सभेला गर्दी होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, गरगरणारे पंखे, मधूनच शिट्टी मारणारा ध्वनिक्षेपक. भाऊजी पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या कपड्यांत, शेजारी नवरा आणि जाऊबाई. साहेब व्यासपीठावर. नगराध्यक्षांची एक सवय सगळ्यांना ठाऊक होती. कुठलाही अहवाल आला की ते पहिली ओळ खणखणीत आवाजात वाचायचे आणि मग 'उर्वरित वाचल्याचे समजण्यात यावे' म्हणून पान उलटायचे. त्या पहिल्या ओळीवरच सगळा कारभार चालायचा.

"प्रयोगशाळेची अंतिम नोंद," नगराध्यक्षांनी चष्मा चढवला. "विषाणूचे नाव. बगळा, तिरकी रेघ..."

भाऊजींनी मान डोलावली.

नगराध्यक्षांनी पुढचा खण वाचला. भाऊजींचं आडनाव, पुढे पोल्ट्री. ध्वनिक्षेपक चांगला चालला होता नेमका तेव्हा, शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं. नगराध्यक्ष थांबले. त्यांनी तीच ओळ मनातल्या मनात पुन्हा वाचली आणि चष्म्यावरून पहिल्या रांगेकडे पाहिलं. मागून कुणीतरी खाकरलं.

भाऊजी उभे राहिले. "हे आमचं नाव आहे."

"हो भाऊजी," धाकटी तिच्या जागेवरून उठली. "माझंही तेच आहे. खालची सही बघा."

मग ती बोलली. विषाणू कुठल्या झाडावर सापडला आणि कुठल्या झाडांवर सापडला नाही. तो लसीचा कसा, लस चरात कशी जाते. कोंबड्या मेल्या तो कुबट खाद्याने. आवाज चढवला नाही, पण शेवटी तो कापायला लागला आणि तिने तो कापू दिला.

"बगळ्यात सापडला म्हणून बगळ्याचं नाव दिलं आम्ही. रीतच तशी आहे. आणि तुम्ही एवढं एकच नाव वाचून झाडं पाडायला निघालात. ज्याच्या अंगावर घाण पडली त्यालाच घाणीचा मालक ठरवायचं, ही कुठली पद्धत? आता पुढचं नावही वाचा. मी ते लाज बाजूला ठेवून लिहिलंय, तुम्ही निदान मोठ्याने तरी वाचा."

साहेब टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत बसले होते. सभागृहात कुजबुज सुरू झाली. कुणीतरी विचारलं, चर तळ्यात सोडायची परवानगी कुणी दिली. नगराध्यक्षांनी घाईघाईने ठराव तहकूब केला. नगरपालिका कधी चुकत नाही, ती तहकूब करते. पण काठावरची झाडं वाचली.

बाहेर नवरा तिच्यापुढे दोन पावलं चालत होता. कोपऱ्यावर थांबून म्हणाला, "घराचं नाव घालवलंस."

"घालवलं नाही," ती म्हणाली. "घातलं. जिथे घालायला हवं होतं तिथे घातलं."

 त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. सगळे घरी गेले, झाडं वाचली, पिल्लं उडाली. पण दुखावलेला माणूस स्वस्थ बसत नाही आणि भाऊजींचं तर नाक कापलं गेलं होतं. काठावरच्या झाडांना त्यांना हात लावता येत नव्हता. कुंपणातलं झाड मात्र त्यांचं होतं. त्याच आठवड्यात एका सकाळी, धाकटी कामावर असताना, त्यांनी करवतवाले बोलावले.

दुपारी प्रयोगशाळेच्या दारात जाऊबाई उभ्या राहिल्या. लग्नानंतर कधी एकटीने शेडबाहेर न गेलेली बाई, दोन वाहनं बदलून आली होती. हातात अंड्यांचं पुठ्ठ्याचं खोकं, वर ओढणीसारखं काहीतरी झाकलेलं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि झाकण काढलं. बगळ्यांची पिल्लं होती. पंख पुरे आलेले, पाय लांब झालेले. एकाचीच छाती अजून वरखाली होत होती.

"उडायला आली होती गं," जाऊबाई म्हणाल्या. "कालपरवा फांदीवरून फांदीवर जायला लागली होती. मी यांना म्हटलं, आठ दिवस थांबा. फक्त आठ दिवस. तर म्हणाले, विषारी आहेत ती."

धाकटीने खुर्ची पुढे ओढून त्यांना बसवलं. मग हातमोजे घातले आणि काड्या काढल्या. ज्या पिल्लात जीव होता त्यालाही तिने एक फिरवली. त्याने ओकायचा प्रयत्न केला, पण त्याच्या पोटात काहीच नव्हतं. काकांनी ते उचलून उबवणीयंत्राशेजारी उबेत ठेवलं.

"मला कळायला हवं," जाऊबाई म्हणाल्या. "बादली मीच ओतत होते ना. यांच्यात आहे का ते, मला आज कळायला हवं."

छोटी चाचणी संध्याकाळपर्यंत होते. जाऊबाई तिथेच बसून राहिल्या. काकांनी दिलेला चहा त्यांनी हातात धरला आणि प्यायला विसरल्या. उबेतलं पिल्लू चारच्या सुमारास गेलं. थोड्या वेळाने यंत्राच्या पडद्यावर रेघा आल्या, एकामागून एक, सगळ्या सपाट. एकाही पिल्लात काही नव्हतं. मवाळ विषाणू तो, पिल्लांच्या अंगातून कधीच निघून गेला होता. ती स्वच्छ झाली होती आणि मग झाड पडलं होतं.

"काही नाही ताई. काहीच नाही यांच्यात."

जाऊबाई रडल्या नाहीत. त्यांनी खोक्यावरचं फडकं नीट केलं, कडा आत खोचल्या.

काका नोंदीला बसले होते. त्यांनी विचारलं, "मॅडम, नाव काय घालू?"

"काही सापडलं नाही की नाव पडत नाही, काका."

"का नाही पडत?" जाऊबाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला होता. "ज्याने झाड पाडलं त्याचं नाव आहे की. ते घाला."

धाकटीने पडद्याकडे पाहिलं. पक्षी, जागा, क्रमांक, साल. चारही खण रिकामे होते. ती जाऊबाईंच्या शेजारी येऊन बसली आणि त्यांचा हात हातात घेतला. हाताला अजून लाकडाचा भुसा लागलेला होता.

"कुणी केलं, याचा आमच्याकडे खणच नाही, ताई."